बोंड न फोडता : प्रकल्प नोंदी (सप्टेंबर २०२४ ते मे २०२५)

२८ सप्टेंबर २०२४

मामांच्या वावरातून कपाशीची वीस हिरवी बोंडं तोडली. धुऱ्याकडची तासं सोडून आतल्या झाडांची, एका झाडाचं एकच. एकाही बोंडावर भोक नाही की डाग नाही. निंबाखाली बसून फोडली. चौदा साफ, एक सडकं, पाच बोंडांत अळी. त्यांतल्या तीन अळ्या दीड-दोन मिलिमीटरच्या, पांढुरक्या, डोकं तेवढं काळं. चष्मा घरी राहिला असता तर मी पाचाऐवजी दोन लिहिले असते. गुलाबी बोंडअळी लहानपणी गुलाबी नसतेच, हे दर वर्षी मुलांना सांगते आणि दर वर्षी स्वतः फसते.

शंभरात दहा बोंडांत जिवंत अळी सापडली की फवारणीची वेळ झाली, असा हिशेब आहे. आपल्याकडे वीसात पाच. मामांना सांगायची गरज पडली नाही, ते पंपाकडे बघत होते.

मग म्हणाले, "फोडून तं मीबी सांगतो बाई. फोडल्याबिगर सांगशीन तं सांग."

प्रकल्प हाच, पण मामांना वाटतो तसा नाही. अळी आहे की नाही हे कळायला बोटं पुरेशी आहेत, टाचेखाली फोडलं तरी चालतं. मला हवा आहे तिचा रस्ता. अंड्यातून निघालेली अळी बोंडाच्या सालीतून आत जाते आणि ते भोक वाढत्या बोंडात बुजून जातं. पुढे ती किती कप्पे ओलांडते, कोणती सरकी आधी पोखरते, हे बोंड फोडताना आपल्याच अंगठ्याखाली मोडतं.

३ ऑक्टोबर

नागपूरच्या एका संस्थेत मायक्रो-सीटी यंत्र आहे, वस्तू न फोडता क्ष-किरणांनी आतलं बारीकसारीक दाखवणारं. बाहेरच्यांना तासावर भाड्यानं मिळतं. महाविद्यालयाकडून मिळालेल्या छोट्या रकमेत पाच-सहा स्लॉट बसतात. पहिला १८ तारखेचा.

एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी सोबत घेतली आहे. तिच्या घरी तेरा एकर पराटी (कपाशी) आहे, म्हणजे बोंडाची ओळख करून द्यायला नको. यंत्राची करून दिली. दवाखान्यातल्या सीटीत माणूस पडून राहतो आणि क्ष-किरणांची नळी त्याच्याभोवती फिरते. इथे नळी जागेवर, सावली टिपणारा डिटेक्टर जागेवर, आणि नमुना मधल्या फिरकीवर गोल फिरतो. प्रत्येक अंशावर, अंशाच्या तुकड्यावर एक सावली टिपायची आणि शेवटी सगळ्या सावल्यांवरून आतलं घनरूप गणितानं उभं करायचं. त्या गणिताचा पाया योहान राडोन या गणितज्ञानं १९१७ साली घातला, तेव्हा त्याच्यासमोर ना रुग्ण होता ना बोंड.

सावली मोठी करायची तर नमुना नळीच्या जवळ न्यायचा. पण मग नळीतला किरणांचा ठिपका बारीक हवा. घरी दिवे गेले तेव्हा तिला भिंतीवर हात धरून दाखवलं. मेणबत्तीनं बोटांची कड रेखीव पडते, दिवे आल्यावर ट्यूबलाइटखाली नुसता धूसर ढग. मोठ्या यंत्रालाही हाच नियम.

हिशेब : बोंड जाडीला ३५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना जागा सोडून ४० धरू. डिटेक्टरच्या रुंदीत २,००० ठिपके (पिक्सेल). म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला २० मायक्रॉन, मिलिमीटरचा पन्नासावा भाग. याचा अर्थ २० मायक्रॉनची वस्तू दिसेल असा नाही, ओळखू यायला ती निदान दोन-तीन ठिपके रुंद हवी. कापसाचा एकेक तंतू याहून बारीक, म्हणून रुई आपल्याला धुक्यासारखीच दिसणार. पहिल्या अवस्थेतल्या अळीचं डोकं साधारण दोनशे मायक्रॉन, म्हणजे दहा ठिपके. पुरे.

१८ ऑक्टोबर

वाया गेलेला दिवस. तरी सविस्तर लिहिते.

पहाटे पाचला मामांच्या वावरातून आठ बोंडं देठासकट तोडली, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीवर ठेवली. साडेसहाची लालपरी. डबा मांडीवर. शेजारच्या आजींनी विचारलं, "मच्छी हाय का व?" नाही म्हटल्यावर त्यांची निराशा लपली नाही.

यंत्र म्हणजे शिशाचा पत्रा असलेलं कपाट. दार उघडं असलं की किरण सुरूच होत नाहीत. ऑपरेटर भाऊ सरळ माणूस, दोन तासांत त्यांनी मला जे शिकवलं ते पुस्तकांत तुकड्यातुकड्यानं आहे. ५० किलोव्होल्टवर नळी लावली. डिटेक्टरच्या पूर्ण रुंदीला न्याय द्यायचा तर अर्ध्या पायनं गुणून तीन हजारांवर सावल्या घ्याव्या लागतात. आमच्या खिशात तेवढा वेळ नव्हता, १,६०० घेतल्या. प्रत्येकी एक सेकंद, दोनदा टिपून सरासरी. म्हणजे त्रेपन्न मिनिटं.

बोंड फुलवाल्याकडच्या हिरव्या स्पंजात रोवलं. तो स्पंज किरणांना जवळजवळ नसल्यासारखाच.

पहिलं चित्र उभं राहिलं तर बोंडाला दोन साली. बाहेरची एक, आत अर्धा मिलिमीटर सरकलेली दुसरी. मी क्षणभर खरंच जाड-पातळ सालीबद्दल विचार करायला लागले. भाऊ म्हणाले, "मॅडम, नमुना हलला."

बोंड हललं नव्हतं, सुकलं होतं. बर्फावरून काढून थेट कपाटात. आधी अंगावर दव धरलं, मग नळीच्या उबेनं पाणी सोडायला लागलं. त्रेपन्न मिनिटांत ते आक्रसत होतं आणि आम्ही त्याची सोळाशे वेगवेगळी रूपं एकाच वस्तूच्या सावल्या म्हणून जोडत होतो. दुसऱ्या बोंडाला स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक प्लास्टिकची पट्टी गुंडाळली. साल नीट आली, पण आतल्या एका कप्प्यात धुराचा लोट. ती अळी. जिवंत, जागी, जेवत होती.

स्लॉट संपला. परतीच्या गाडीत आम्ही दोघीही वर्ध्यापर्यंत काही बोललो नाही.

२३ ऑक्टोबर

एका नमुन्याचं घनरूप १६ जीबी. दोन हजार गुणिले दोन हजार गुणिले दोन हजार ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट. आमच्या विभागातल्या संगणकाची स्मरणशक्ती ८ जीबी. उघडायला सांगितलं की तो पंखा जोरात फिरवतो आणि गप्प बसतो. तिन्ही दिशांनी निम्मं केलं तर आठवा हिस्सा, २ जीबी राहतं. ते 'फिजी'त चालतं. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, आणि पैसे देऊनही याहून फार वेगळं मला लागलं नसतं.

विद्यार्थिनी धावत आली : "मॅडम, बोंडाच्या मधोमध गोल बीळ!" पाहिलं तर एकात एक वर्तुळं, जात्याभोवती पीठ पडतं तशी. प्रत्येक कापात, अगदी वरच्या रिकाम्या हवेतसुद्धा, त्याच जागी. डिटेक्टरचे काही ठिपके कमी-जास्त दाखवतात आणि नमुना फिरतो म्हणून त्यांच्या चुकीचं वर्तुळ होतं. वर्तुळाचा मध्य फिरकीच्या आसावर असेल तर ते यंत्राचं, नसेल तर बोंडाचं. हे तिनं स्वतः शोधून काढलं, मी फक्त हवेतला काप दाखवला. पुढच्या वेळी बोंड आसापासून थोडं बाजूला लावायचं.

८ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला स्लॉट. भाऊंनी आठवण करून दिली की १८९५ साली याच तारखेला व्युर्झबुर्गमध्ये रोंटगेनला हे किरण सापडले. नाव ठाऊक नसलेल्या राशीला आपण क्ष म्हणतो तसं त्यानं एक्स ठेवलं. आम्ही घरचा चिवडा नेला होता, तो खाऊन दिवस साजरा.

यावेळी काय बदललं : बोंडं बर्फावर आणली नाहीत, ओल्या फडक्यात आणली. पोचल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून तासभर त्याच खोलीत ठेवली. आणि जिवंत अळीसाठी ठरवलं की धूसर आली तर येऊ दे, आपल्याला रस्ता हवा आहे, रस्ता हलत नाही.

तीन बोंडं झाली. तिन्ही साली एकेरी!

शेवटची चाळीस मिनिटं उरली, त्यात मामांच्या वावरातलं काळ्या मातीचं सुकं ढेकूळ लावलं, बोराएवढं. पूर्ण वाढलेली अळी कधी बोंडातच कोष करते, कधी खाली पडून पाचोळ्यात किंवा जमिनीच्या भेगेत, म्हणून भेगा बघायच्या होत्या. ५० किलोव्होल्टला माती दाद देईना, व्होल्टेज वाढवलं. चित्रात ढेकळाची कड पांढरी आणि पोट काळं, जणू आतून पोकळ. पोकळ नव्हतं. मऊ किरण कडेलाच अडकतात, कडक तेवढे पोटातून पार होतात, आणि गणिताला सगळे सारखेच वाटतात. नळीसमोर तांब्याची अर्धा मिलिमीटरची चकती लावली, मऊ किरण आधीच गाळले, तेव्हा पोट भरलं. चुनखडीचे कण इतके लख्ख की बाकीचं सगळं फिकं. भेगा सपाट, पातळ पापुद्र्यासारख्या. मुळांनी केलेली बिळं गोल नळ्यांसारखी. बोटात धरल्यावर ढेकूळ म्हणजे ढेकूळच, पण आत ये-जा करायला इतकी जागा असेल असं मला वाटलं नव्हतं. मातीचा विषय इथेच थांबवते, नाहीतर बोंड राहून जाईल.

२० नोव्हेंबर

विधानसभेची निवडणूक ड्यूटी, काल दुपारपासून मतदान केंद्रावर. प्रकल्पाचं काम शून्य. वर्गखोलीच्या फळ्यावर कुणीतरी कापसाच्या झाडाचे भाग काढून ठेवले होते, 'पाती', म्हणजे फुलांच्या कळ्या, चुकीच्या जागी. दुरुस्त केलं.

७ डिसेंबर

सातव्या क्रमांकाचं बोंड. दोन आठवडे संध्याकाळी याच्यावर बसलो आहोत.

आधी अडचण. हिरव्या बोंडात सगळं पाण्यानं भरलेलं. साल ओली, कोवळी रुई ओली, सरकीचा गर ओला, आणि अळीही ओलीच. क्ष-किरणांच्या दृष्टीनं सगळे जवळजवळ एकाच जातीचे. अळी करडी आणि तिच्याभोवतीचा गरही करडा. पहिले तीन दिवस आम्ही ती शोधतच होतो. सापडली ती तिच्या हवेमुळे. अळीच्या दोन्ही कुशींतून श्वासनलिका जातात, त्यांना फाटे फुटतात, आणि त्यांत हवा असते. करड्यात काळ्या रेषांचं एक चिमुकलं झाड दिसलं, पानगळ झालेल्या पळसासारखं. त्याच्याभोवती अळी असणारच. मग डोक्याचं टणक कवच, जरा उजळ, आणि त्यात जबड्यांचे दोन ठिपके. ही अळी बहुधा कात टाकायच्या बेतात स्थिर बसलेली होती, म्हणून इतकी स्वच्छ आली.

आता रस्ता. बोंड चार कप्प्यांचं. प्रवेश देठाजवळ, सालीला चिकटून असलेल्या हिरव्या पाकळ्यांखाली. मादी तिथे आडोशाला अंडी घालते हे पुस्तकी ज्ञान, इथे ते समोर होतं. बाहेरून तिथे काहीही नाही, मी भिंगानं पुन्हा पाहिलं. पण सालीच्या आतल्या अंगाला तांदळाच्या कणीएवढी गाठ. भोक बुजवताना बोंडानं केलेली. गाठीपासून सालीच्या आतल्या अस्तराखालून सहा मिलिमीटर नागमोडी बोगदा. म्हणजे आत आल्या आल्या ती रुईत घुसली नाही, आधी अस्तराखाली चरत गेली. मग रुईतून सरळ तिसऱ्या सरकीत. सरकीचा गर संपवून दुसऱ्या बाजूनं बाहेर, आणि तिथून कप्प्यांमधल्या पडद्याला गोल भोक पाडून शेजारच्या कप्प्यात. सगळा रस्ता मोजला : ४१ मिलिमीटर. बोटभर बोंडात.

विद्यार्थिनीनं पहिल्या सरकीत दुसरी अळी असल्याची खूण केली होती, एक उजळ ठिपका. अळीचं डोकं ओळखलं ते बरोबर, अनुमान चूक. डोकं होतं, पण मागे शरीर नव्हतं आणि काळ्या रेषाही नव्हत्या. कात टाकताना मागे राहिलेलं डोक्याचं रिकामं कवच. ते मिळाल्यावर उलट फायदा झाला. कात कुठे टाकली ते कळलं, म्हणजे रस्त्यावर एक मैलाचा दगड मिळाला. त्या दिवशी तिनं कवचांची वेगळी यादी सुरू केली आणि 'टोप्या' असं नाव दिलं. अहवालात हे नाव चालणार नाही, वहीत चालू दे.

बाकीच्या दोन बोंडांत एका अळीनं पडदा ओलांडलाच नाही, तीन सरक्या खाऊन तिथेच थांबली. तीन बोंडांवरून नियम सांगायचा नाही, हे मी स्वतःला सांगते आहे. संध्याकाळी घरी येताना मात्र मनात नियम तयार होऊ लागतो.

१२ डिसेंबर

मामांना पडद्यावर रस्ता दाखवला. लॅपटॉप बाजेवर ठेवून. ते बराच वेळ बघत राहिले. मग : "म्हंजे मी वरून फवारत होतो तवा हे बया अंदर बसून होती."

होय. अंड्यातून बाहेर आल्यावर सालीत शिरेपर्यंतच ती औषधाच्या टप्प्यात असते. मामा २०१७ च्या हंगामाबद्दल बोलू लागले. बीटीची, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीची, पहिली वाणं २००२ ला आली, दोन जनुकांची २००६ ला, आणि त्या दुसऱ्या पिढीलाही अळी पुरून उरली ते आमच्या भागात २०१७ ला सगळ्यांनी एकदमच पाहिलं. तेव्हा त्यांनी उभ्या पराटीत जनावरं सोडली होती.

"ह्या किरणानं मरत नाही का ते?" असाही प्रश्न आला. मरण्याचं माहीत नाही, पण वांझ करता येते. अमेरिकेत कोबाल्टच्या किरणांनी वांझ केलेले पतंग कारखान्यात वाढवून विमानांतून कापसावर सोडायचे. रानातली मादी त्यांच्याशी जोडा लावते आणि अंडी फुकट जातात. सोबत बीटी, गंध सापळे, वेळेत पराटी उपटून टाकणं. सगळं मिळून २०१८ ला त्यांनी आपला कापूस पट्टा या अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. "वेळेत उपटणं" ऐकल्यावर मामांनी विषय बदलला. त्यांची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली पराटी, अजून उभी आहे.

१६ डिसेंबर

ओल्या बोंडातला फरक वाढवायचे दोन मार्ग. एक, आयोडीन. अळी अल्कोहोलमध्ये मारून एक टक्का आयोडीनच्या द्रावणात दोन दिवस ठेवली की मऊ उती आयोडीन पितात आणि किरण अडवू लागतात. करून पाहिलं, स्नायूंचे पट्टे आणि आतडं सुरेख येतं. पण ती अळी बोंडाबाहेर काढलेली आणि मेलेली. आमच्या प्रश्नाला उपयोग नाही.

दुसरा, इंदूर. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातला इंडस-२. अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन साधारण १७२ मीटर परिघाच्या कड्यात फिरतात आणि वळणावर क्ष-किरण सोडतात. तिथे चित्रणासाठी वेगळी किरणवाट आहे. त्या किरणांत किती अडले एवढंच नाही, किती वळले हेही टिपता येतं. ओला गर आणि ओली अळी यांच्यातली सीमा किरण अडवत नाही, पण वळवते जरासं. नमुन्यामागे डिटेक्टर थोडा लांब सरकवला की प्रत्येक कडेला उजळ-काळी रेघ उमटते. ओल्या बोंडातल्या ओल्या अळीला हेच हवं. अर्ज लिहायला घेतला आहे. 'स्थानिक समाजाला उपयोग' या रकान्यात चार वेळा लिहून चार वेळा खोडलं.

९ जानेवारी २०२५

जोड सरकी.

मामांनी अखेर फरदड उपटायचं ठरवलं (मी काही बोलले नाही, मामी बोलल्या). शेवटच्या वेचणीची कवडी, म्हणजे किडकी, रुई मी मागून घेतली. त्यातून हातानं सरक्या काढताना जोड सापडतात : दोन सरक्या सपाट बाजूंनी एकमेकींना रेशमानं शिवलेल्या, मधे पोकळी, पोकळीत अळी. थंडीत आणि कोरड्यात ती अशी अंग मुडपून झोपते, खात नाही, वाढत नाही, पुढच्या हंगामाची वाट बघते. जिनिंगमध्ये, घरातल्या कापसाच्या ढिगात, उभ्या पराटीवर राहिलेल्या बोंडात, सगळीकडे.

नागपूरच्या स्लॉटसाठी एक निवडली. पाच मिलीच्या सिरिंजची नळी कापून त्यात बसवली, खाली-वर कापूस. कापसाला कापसाचाच टेकू. कपाटाएवढ्या यंत्रात बोटाच्या पेराएवढी नळी. १२ मिलिमीटरचा पट्टा, २,००० ठिपके, म्हणजे ६ मायक्रॉन. यावेळी तीन हजार सावल्या घेतल्या, दोन तास.

काही हललं नाही. झोपलेली अळी दोन तास तशीच. ऑक्टोबरमध्ये ज्या प्राण्यानं आमचा स्लॉट धुरात घालवला तोच हा.

चित्र आल्यावर भाऊ दुसऱ्या खोलीतून दोघा-तिघांना बोलावून घेऊन आले. ओलावा कमी म्हणून सगळं स्वच्छ. सरकीचं टरफल दोन थरांचं, त्यातला बाहेरचा फुसफुशीत, आतला दाट. दोन्ही सरक्यांचा गर कोरून घेतलेला, भिंती तेवढ्या शिल्लक. आत रेशमाचं अस्तर, एखाद्या ठिपक्याच्या जाडीचं, कुठे दिसतं कुठे विरतं. आणि अळी इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, डोकं शेपटाला टेकलेलं, श्वासनलिकांचं झाड आता पूर्ण, खोडापासून शेंड्यापर्यंत. डोक्यात जबडे. दोन्ही जबड्यांच्या मिळून आठ-नऊ दातऱ्या मी मोजल्या, विद्यार्थिनीनं दहा. एका बाजूला सरकीचं टरफल आतून गोल कातलेलं, पार नाही, शेवटचा पापुद्रा ठेवून. बाहेर पडायचं दार तिनं झोपण्याआधीच करून ठेवलं होतं.

ही सरकी फोडायची नाही असं ठरलं. काचेच्या बरणीत, तोंडाला मलमल, सोबत किरण न दाखवलेल्या पाच जोड सरक्या वेगवेगळ्या बरण्यांत. प्रयोगशाळेतल्या काकांनी बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आमच्या सरकीच्या चिठ्ठीवर त्यांनी नुसतं 'पेशंट' लिहिलं.

११ फेब्रुवारी

इंदूरचा अर्ज गेला. बरण्या जशाच्या तशा.

१५ मार्च

परवा होळी, काल धुळवड. दुपारचं ऊन चढू लागलं आहे. दोन बरण्यांत पतंग निघाले, दोन्ही किरण न दाखवलेल्या. करडे-तपकिरी, पंखांच्या कडेला झालर, जेमतेम आठ मिलिमीटर. यांच्यासाठी वावरात काहीच नाही, पराटी जूनच्या पावसावर लागते. पाते येण्याआधी निघालेले पतंग उपाशी आणि बिनकामाचे मरतात. म्हणूनच मे महिन्यात पेरू नका म्हणतात. लवकर लावलेल्या पराटीला पाते आले की यांची सोय होते.

२४ एप्रिल

माझी चूक. विद्यापीठाच्या परीक्षा, दोन आठवडे पर्यवेक्षण आणि पेपर. काका लग्नासाठी रजेवर. विद्यार्थिनी स्वतःच परीक्षेला. आज प्रयोगशाळेत आले तर 'पेशंट'च्या बरणीच्या तळाला मेलेला पतंग, पंखांची भुकटी काचेला लागलेली. कधी निघाला ते कळायला मार्ग नाही. ११ ते २४ एप्रिल एवढंच लिहिता येतं.

म्हणजे किरणांनी मेली नाही. वांझ झाली होती का, हे विचारायला जोडीदार द्यायला हवा होता आणि तारीख माहीत असायला हवी होती. आणि एका पतंगावरून तसंही काही सिद्ध झालं नसतं. तरी हळहळ वाटते. पाचांपैकी एका बरणीत अजून अळी आहे, दिवा जवळ नेला तर हलते.

विद्यार्थिनीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, सरकी फेकू नका हं."

६ मे

शेवटचा स्लॉट. बाहेर पारा ४२च्या वर, यंत्राची खोली गारेगार, भाऊ स्वेटर घालून.

तीच जोड सरकी, तीच सिरिंज, तेच ६ मायक्रॉन. जानेवारीचं चित्र डावीकडे, आजचं उजवीकडे. टरफलांचे खाचखळगे जुळवून दोन्ही एकावर एक बसवायला तासभर लागला.

दार उघडलं आहे. शेवटचा पापुद्रा बाहेर ढकललेला, एका कडेला अजून लटकतो. आत कोषाचं रिकामं आवरण, पाठीवर उभं फाटलेलं, भिंती इतक्या पातळ की काही कापांत नाहीशा होतात. रेशमाचं अस्तर एका बाजूला गोळा झालेलं. आणि कोषाच्या शेपटाशी चुरगळलेली कात. विद्यार्थिनीनं बोट ठेवलं तिथे उजळ ठिपका होता, मागे शरीर नाही, काळ्या रेषा नाहीत. जानेवारीत जिथे डोकं होतं तिथून २.३ मिलिमीटर खाली.

तिनं वहीत टोप्यांची यादी उघडली आणि एकतिसावी लिहिली. जबड्याच्या दातऱ्या पुन्हा मोजल्या. यावेळी मलाही दहा आल्या.